अठराव्या वर्षानंतरची जिम्नॅस्ट
प्रस्तावना

महाविद्यालयात जिम्नॅस्ट घडत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नागपूरच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा इतिहास हाती आला, की वाचक आधी प्राचार्यांचं नाव शोधतो, मग शारीरिक शिक्षण संचालकांचं, आणि मग पदकं मोजायला बसतो. कबड्डी-व्हॉलीबॉलला हा हिशेब चालून जातो. अकरावीत पहिल्यांदा मैदानावर आलेली काटक पोरगी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाकडून खेळू शकते. जिम्नॅस्टिक्समध्ये तसं होत नाही. सहाव्या वर्षी कमान टाकायला शिकलेली, दहाव्या वर्षी बीमवरून पडून पुन्हा चढलेली, पंधराव्या वर्षी मनगटाला पट्टी बांधून राज्य स्पर्धा खेळलेली मुलगी अठराव्या वर्षी प्रवेशाचा अर्ज घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीपाशी येते, तेव्हा तिच्या खेळातली दहा-बारा वर्षं होऊन गेलेली असतात. ती वर्षं कुठल्या तरी व्यायामशाळेची, कुठल्या तरी सरांची किंवा ताईंची आणि घरातल्या दुचाकीची असतात. महाविद्यालयाच्या हाती एवढंच उरतं, की तिला चालू ठेवायचं की थांबू द्यायचं.

माझ्या मते मुलींच्या संघाची कामगिरी याच प्रश्नावर जोखली पाहिजे. संघाने किती पदकं आणली हे विचारावंच, पण त्याआधी किती मुली या संघामुळे विसाव्या, एकविसाव्या वर्षापर्यंत बीमवर राहिल्या, हे विचारावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही अहवालात सापडत नाही, म्हणूनच असा इतिहास लिहिण्याची गरज पडते.

खेळाची थोडी ओळख करून देतो. ज्यांना ती आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. महिलांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये चार साधनं असतात: व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर. पुरुषांना सहा असतात आणि त्यांत बीम नसतो. बीम ५ मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि १० सेंटिमीटर रुंद. रुंदीचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. त्यावर दीड मिनिटाच्या आत चालायचं, वळायचं, उडी घ्यायची, मागे उलटायचं आणि शेवटी खाली उतरताना दोन्ही पाय हलू न देता उभं राहायचं. पडलात तर एक पूर्ण गुण गेला आणि दहा सेकंदांत पुन्हा चढायचं. पहिल्या आणि चौथ्या क्रमांकातलं अंतर पूर्ण गुणापेक्षा लहान असू शकतं अशा खेळात ही शिक्षा जबर आहे. फ्लोअर बारा मीटर बाय बारा मीटरचा, संगीतासह. हुप, चेंडू, क्लब आणि रिबन घेऊन जे करतात ते ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्स. ते वेगळं अंग आहे, आणि १९८४च्या लॉस एंजेलिसपासून ऑलिंपिकमध्ये ते फक्त महिलांसाठी आहे. संघाचे गुण मुलींच्या वैयक्तिक गुणांच्या बेरजेतून येतात. त्यामुळे एकटी चांगली मुलगी महाविद्यालयाला पदक मिळवून देऊ शकते, संघाचं विजेतेपद नाही. त्याला एकाच वेळी, एकाच विद्यापीठात, चारही साधनांवर उभ्या राहू शकतील अशा चार-पाच जणी लागतात. एवढ्या जणी एका गावात जमणं हा योगायोग नसतो. त्यामागे पंधरा वर्षांपूर्वी कोणी तरी एक वर्ग सुरू केलेला असतो.

विदर्भात असे वर्ग कुठून आले, हे समजून घ्यायला नागपूरच्या आधी अमरावतीला जावं लागतं. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये तिथे हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. आखाडा, लाठी, लेझीम, मल्लखांब या सगळ्यांना शिस्तीचा अभ्यासक्रम आणि शिक्षक तयार करण्याची पद्धत देणं हे या मंडळाचं मोठं काम. वऱ्हाडातल्या आणि मध्य प्रांतातल्या कितीतरी शाळांत ड्रिल घेणारे मास्तर इथूनच शिकून गेले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब आणि कबड्डी युरोपने पाहिली ती तेव्हा.

१९३६ हे साल या विषयाच्या दृष्टीने मला विलक्षण वाटतं. त्याच बर्लिनमध्ये महिलांची सांघिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धा झाली. जर्मनी पहिली, चेकोस्लोव्हाकिया दुसरी, हंगेरी तिसरी. ऑलिंपिकमध्ये महिलांना हा खेळ खुला झाला होता १९२८मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला, आणि तिथलं सुवर्ण यजमान डच मुलींनी घेतलं होतं. म्हणजे अमरावतीची माणसं ज्या शहरात मल्लखांब करून दाखवत होती, त्याच शहरात त्याच उन्हाळ्यात बायका देशासाठी जिम्नॅस्टिक्स खेळत होत्या. आणि त्याच वर्षी विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा मुलींनी उघड्या मैदानावर लाठी आणि योगचाप घेऊन उभं राहणं ही गोष्ट आपल्याकडे नव्याने, घराघरांतून परवानगी मागत सुरू होत होती. समितीच्या विचारांविषयी कोणाचं काही मत असो. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीच्या शारीरिक शिक्षणाला समाजाकडून जी संमती लागत होती, ती मिळवण्यात अशा संघटनांचा वाटा होता, हे नोंदवायलाच हवं. नागपुरात मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय निघालं तेही त्याच दशकात. १९३२चं सेंट्रल कॉलेज फॉर विमेन, ज्याला आज सगळं शहर एल.ए.डी. म्हणून ओळखतं.

नागपूर आणि अमरावती यांच्यातला आणखी एक धागा सहज नजरेतून सुटतो. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ला सुरू झालं आणि अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं १ मे १९८३ला. मधल्या काळात वऱ्हाडातली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाच्याच छत्राखाली होती. म्हणजे ज्याला आपण नागपूर विद्यापीठाचा संघ म्हणतो, त्यात अमरावतीच्या व्यायामशाळेत वाढलेली मुलं-मुली उतरू शकत होती. १९८३नंतर हे दोन्ही गट आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकमेकांसमोर आले. नागपूरच्या व्यायामप्रकारांतल्या संघांचा इतिहास लिहिणाऱ्याने ही तारीख भिंतीवर चिकटवून ठेवावी. १९८३च्या आधीच्या आणि नंतरच्या पदकतालिका शेजारी मांडून नागपूरचा खेळ घसरला असं कोणी म्हणू लागलं, तर विद्यापीठाचा नकाशाच बदलला होता, हे त्याला दाखवता आलं पाहिजे.

आता मल्लखांब. महाराष्ट्रातल्या जिम्नॅस्टिक्सविषयी लिहिताना त्याला टाळून जाता येत नाही, आणि खरं तर टाळूही नये. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला आजचं रूप दिलं. ब्रह्मावर्तात लहानपणी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, मल्लखांब खेळायची, असं सांगतात. म्हणजे मुलीने खांबाला हात लावला ही गोष्ट आपल्या आठवणीत तरी जुनी आहे. एरंडेल लावलेला पुरलेला खांब, टांगता मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब, अशी त्याची मुख्य रूपं. दोरीच्या जागी पूर्वी वेत असायचा. मुली अनेक वर्षं प्रामुख्याने दोरीवरच दिसल्या. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरून अढी घालायची आणि हात सोडून अंग हवेत पसरायचं, हे ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला अनइव्हन बारवरच्या मुलीचे तळहात का फाटतात हे वेगळं सांगावं लागत नाही. पकड, खांदा, पोट आणि भीतीवरचा ताबा ही दोन्हीकडची पुंजी एकच आहे. फरक आहे तो उतरण्यात. दोरीवरची मुलगी दोरीवरूनच सावकाश खाली येते. बारवरची हात सोडून, हवेत फिरून जमिनीवर येते. त्यामुळे मल्लखांबातून जिम्नॅस्टिक्समध्ये गेलेल्या मुलीला सगळ्यांत शेवटी जमतं ते लँडिंग.

स्पर्धेच्या पातळीवर ही दोन भावंडं काही काळ एकाच घरात राहिली. १९५८मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाला जागा मिळाली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि १९८१मध्ये उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा आणि महासंघ आकाराला आला. या फारकतीचा परिणाम महाविद्यालयांवर झाला. ज्या मुलीची पकड आणि लवचीकपणा दोन्ही खेळांना उपयोगी पडला असता, तिला आता एक निवडावा लागला, आणि ज्या संस्थेकडे खांब होता पण बीम नव्हता तिने अर्थातच खांब निवडला. मला यात दोष काढायचा नाही. सागवानाचा खांब गावातला सुतार घडवून देतो. स्प्रिंग असलेला फ्लोअर परदेशातून मागवावा लागतो आणि तो टाकायला बंद सभागृह लागतं. तरीही एक गोष्ट खटकते. मल्लखांबाच्या इतक्या दीर्घ परंपरेच्या प्रदेशाने महिलांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये देशाला जितक्या मुली द्यायला हव्या होत्या, तितक्या दिल्या नाहीत. देणारं राज्य निघालं त्रिपुरा.

त्रिपुराची कथा इथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती नागपूरला उपयोगी आहे. तिथे मैदानाला लागून मोठा उद्योग नाही, महानगर नाही, पैसाही नाही. पण १९६०च्या दशकात दलीप सिंग नावाचे प्रशिक्षक आगरतळ्याला आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या हाताखालून एक पिढी तयार झाली. त्या पिढीने पुढची घडवली. बिश्वेश्वर नंदी हे त्याच परंपरेतले, आणि त्यांच्या व त्यांच्या पत्नी सोमा यांच्या हाताखाली सहा वर्षांची दीपा कर्माकर आली. पाय सपाट. साधनं जुगाडातली, जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून केलेल्या उडीच्या फळीची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टचं कांस्य मिळालं आणि २०१६मध्ये ती ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. १४ ऑगस्टला रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत तिने प्रोदुनोवा ही जीवघेणी उडी पार पाडली. १५.०६६ गुण. चौथी. कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं. भारतीय पुरुष १९५२च्या हेलसिंकीपासून ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समध्ये दिसत होते. १९६४च्या टोकियोनंतर तेही थांबले. त्यानंतर ऑलिंपिकच्या फरशीवर उभी राहिलेली भारतीय व्यक्ती ही आगरतळ्याची मुलगी होती.

या कथेतला महाविद्यालयाचा भाग मात्र कोणी फारसा सांगत नाही. रिओहून परतल्यावर सत्कारांच्या धामधुमीत दीपा एम.ए.च्या राज्यशास्त्राच्या परीक्षेला बसली. वर्तमानपत्रांनी ते कौतुकाने छापलं, आणि कौतुक योग्यच होतं. पण त्या बातमीत आपल्या व्यवस्थेचं चित्रही होतं. जगातल्या चौथ्या क्रमांकाच्या व्हॉल्टरचं शिक्षण आणि तिचा खेळ हे दोन समांतर रूळ होते. दोन्ही तिने स्वतःच्या बळावर ओढले. पुढे गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, उत्तेजक द्रव्य चाचणीमुळे एकवीस महिन्यांची बंदी आली, आणि इतकं झाल्यावर मे २०२४मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण तिने तिसाव्या वर्षी घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती निवृत्त झाली.

तिसावं वर्ष. हा आकडा ऐकून नागपुरातले पालक दचकतील. जिम्नॅस्टिक्स हा लहान मुलींचा खेळ आहे आणि दहावीनंतर तो आपोआप सुटतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ही समजूत कुठून आली तेही पाहू. १९७६मध्ये माँट्रियलला नादिया कोमानेची या चौदा वर्षांच्या रुमानियन मुलीने ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधला पहिला पैकीच्या पैकी, म्हणजे दहापैकी दहा गुण मिळवला. गुणफलकावर दहाचा आकडा दाखवायची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० असं झळकलं. त्या क्षणाच्या एका फोटोने जगभरच्या डोक्यात जिम्नॅस्ट म्हणजे वेण्या घातलेली शाळकरी पोर हे चित्र कायमचं बसवलं. त्याच्या आधीचं चित्र निराळं होतं. हंगेरीच्या आग्नेश केलेती यांनी १९५६मध्ये मेलबर्नला चार सुवर्णं घेतली तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. लारिसा लातिनिना यांनी १९५८ची जागतिक स्पर्धा जिंकली ती गरोदर असताना. पुढे लहान मुलींच्या शरीराला झेपेल तेच कौशल्य मानलं जाऊ लागलं, दुखापती आणि उपासमारीच्या गोष्टी बाहेर येऊ लागल्या, आणि १९९७पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने वरिष्ठ गटासाठी सोळा वर्षांची किमान अट घातली. सिमोन बाइल्सने पॅरिसला २०२४मध्ये ऑल-अराउंड, म्हणजे चारही साधनांवरचं एकत्रित, सुवर्ण घेतलं ते सत्ताविसाव्या वर्षी. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत तिच्या आठव्या ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. प्रौढ बाईचं शरीर या खेळाला चालत नाही असं म्हणायला आता काही आधार राहिलेला नाही.

मग प्रौढ जिम्नॅस्टला जागा कोण देतं? अमेरिकेत हे काम महाविद्यालयं करतात. १९७२मध्ये तिथे टायटल नाइन नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. पण त्याचा अर्थ खेळापर्यंत पोहोचला आणि विद्यापीठांना मुलींच्या संघांसाठी पैसा, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या काढाव्या लागल्या. यूटा विद्यापीठात ग्रेग मार्सडेन १९७५मध्ये आले तेव्हा ते नवखे होते. चार दशकांनी ते निवृत्त झाले तोवर त्यांच्या संघाने दहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली होती आणि मुलींचं जिम्नॅस्टिक्स बघायला सॉल्ट लेक सिटीत दहा-दहा हजारांहून जास्त माणसं येत होती. जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाची विजेतेपदंही दहाच. आंतरराष्ट्रीय महासंघाने २००६मध्ये दहा गुणांची कमाल मर्यादा काढून टाकली, पण अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धांनी ती ठेवली. त्यामुळे तिथे अवघड कौशल्यांच्या शर्यतीपेक्षा सफाई, लँडिंग आणि संघभावना यांना महत्त्व उरलं. शरीर थोडं कमी मोडतं आणि प्रेक्षकाला गुण कळतात. २०१९च्या जानेवारीत यूसीएलए विद्यापीठाच्या केटलिन ओहाशीने फ्लोअरवर दहापैकी दहा घेतले आणि तो व्हिडिओ भारतातही मोबाइलवर फिरला. तो पाहणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात आलं, की ही मुलगी ऑलिंपिकला कधीच गेली नव्हती?

त्याच यूसीएलएच्या आधीच्या पिढीतली मोहिनी भारद्वाज आपल्या विषयाला सर्वांत जवळची. वडील भारतीय. विद्यापीठाच्या २००० आणि २००१च्या राष्ट्रीय विजेत्या संघात ती होती. पदवी झाली, खेळ थांबल्यासारखा झाला, आणि मग तिने परत यायचं ठरवलं. सरावाला पैसे नव्हते. लॉटरीची तिकिटं विकून ते जमवायची वेळ आली. २००४मध्ये अथेन्सला अमेरिकेच्या संघाचं रौप्य तिने पंचविसाव्या वर्षी गळ्यात घातलं. मधली वर्षं विद्यापीठाचा संघ नसता तर हे घडलं नसतं, हे उघड आहे.

अर्थात अमेरिकेची आरती ओवाळण्याचं कारण नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा आणि राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने वर्षानुवर्षं शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं. मुली बोलत होत्या आणि मोठी माणसं ऐकत नव्हती. २०१८मध्ये त्याला शिक्षा झाली. ज्या खेळात प्रशिक्षकाला मुलीच्या अंगाला हात लावून शिकवावंच लागतं, ज्या खेळात वजनावर बोललं जातं, त्या खेळाचा संघ चालवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने हे प्रकरण माहीत करून घेतलं पाहिजे. स्पॉटिंग करताना, म्हणजे मुलीला हाताने आधार देताना, शेजारी दुसरी ताई असावी, दौऱ्यावर संघासोबत महिला व्यवस्थापक असावी, तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकाच्या हाताखालची नसावी. हे नियम कागदावर बऱ्याच ठिकाणी आहेत. दौऱ्याची रेल्वे सुटताना ते पाळले जातात का, एवढं पाहावं.

महाराष्ट्रातल्या मुली आपला ठसा उमटवून आहेत त्या मुख्यतः ऱ्हिदमिकमध्ये आणि मल्लखांबात. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या ऱ्हिदमिक संघातल्या पूजा सुर्वे, क्षिप्रा जोशी आणि अक्षता शेटे या तिघीही महाराष्ट्राच्याच. ठाण्याच्या संयुक्ता काळेने पुढची पिढी गाजवली. मल्लखांबात हिमानी परबला २०२१चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री. २०१९च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात परदेशी मुली आपल्या दोरीवर अढी घालताना दिसल्या. २०२२मध्ये बंगळुरूला झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत मल्लखांब होता. म्हणजे विद्यापीठाच्या ट्रॅकसूटमधली मल्लखांबपटू मुलगी आता राष्ट्रीय दूरदर्शनवर दिसू शकते. पण या यादीकडे नीट पाहिलं तर बहुतेक नावं मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातली आहेत. पुण्यात १९२४पासून महाराष्ट्रीय मंडळ आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. नागपूरला मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल आहे, क्रीडा चौकात ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. जागा नाही ही तक्रार नागपूर पूर्वीइतक्या जोरात करू शकत नाही.

तक्रार खरी आहे ती वेळेची. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण हे आपल्याकडे खेळाडूच्या आयुष्यातलं मोठं आमिष आहे. ते गुण मिळाले की घराचा खेळातला रस संपतो. मग अभियांत्रिकी किंवा नर्सिंग, सेमिस्टर पद्धत, सबमिशन, हजेरी. जिम्नॅस्टला आठवड्यातून दोनदा येऊन चालत नाही. तीन आठवडे सोडलं की हातावरचे घट्टे जातात, मग बार धरवत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की महाविद्यालयाला तिची आठवण होते. ती जुन्या क्लबमध्ये जाऊन पंधरा दिवस घाम गाळते, स्पर्धेत उतरते आणि घोटा मुरगळून घेते. या चक्राला संघ म्हणणं धाडसाचं आहे. तरीही याच चक्रातून कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघाकडून खेळलेल्या, मुली निघाल्या. दुसऱ्या विद्यापीठाच्या सभागृहात पतियाळा, अमृतसरच्या तगड्या मुलींसमोर त्या उभ्या राहिल्या. हाताला लावायची मॅग्नेशियमची पूड स्वतःच्या डब्यातून नेली आणि एकमेकींना मॅटवर हात देऊन सांभाळलं. त्यांतल्या अनेक जणींची पुढची नोकरी ही शाळेतली पी.टी. मॅडमची. नागपुरात आज सहा वर्षांच्या मुलीला कमान टाकायला शिकवणारी ताई बहुधा अशाच संघातून आलेली असते. आगरतळ्याला दलीप सिंगांनी जे एकट्याने सुरू केलं, ते इथे या बायकांनी कुठलंही नाव न लावता चालवलं आहे.

कपड्यांचा मुद्दा लहान वाटतो, पण तो टाळणाऱ्या इतिहासावर माझा विश्वास बसणार नाही. घट्ट, उघड्या पायांचा लिओटार्ड हे अनेक घरांत मुलीचा खेळ थांबण्याचं न बोललेलं कारण आहे. खेळाच्या नियमांत पायघोळ पोशाखाला मनाई नव्हती, पण तसं कोणी घालत नव्हतं. २०२१मध्ये जर्मन मुली आधी बासलच्या युरोपीय स्पर्धेत आणि मग टोकियो ऑलिंपिकमध्ये घोट्यापर्यंतच्या युनिटार्डमध्ये उतरल्या आणि सगळ्या जगाने ते पाहिलं. आपल्याकडे नऊवारी काष्टा घालून मैदानी खेळ खेळलेल्या आजींच्या नातींना ही सोय ठाऊक असायला हवी. संघनिवडीच्या सूचनापत्रकात ती एका ओळीत छापली तरी पुरेल.

शेवटी एक कारकुनी विनंती, जी इतिहास लिहिणाऱ्यांना आणि स्वतः खेळलेल्या मुलींना दोघांनाही आहे. आपल्याकडच्या मुलींच्या खेळाच्या नोंदी हरवण्याचं एक मोठं कारण आडनाव हे आहे. प्रमाणपत्र माहेरच्या आडनावाने, नोकरीचा अर्ज सासरच्या. विद्यापीठाच्या यादीत फक्त ‘कु.’ आणि आद्याक्षरं. वीस वर्षांनी ती कोण हे ओळखणारं संघातल्या दुसऱ्या मुलीशिवाय कोणी उरत नाही. म्हणून नावं लिहिताना दोन्ही आडनावं लिहावीत, कुठल्या व्यायामशाळेत आणि कोणाच्या हाताखाली सुरुवात झाली ते लिहावं, कुठल्या वर्षी खेळ थांबला आणि का, हेही लिहावं. सामूहिक छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं टिपून ठेवावीत, आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या, बहुतेक वेळा कोणालाच नाव न आठवणाऱ्या, व्यवस्थापक मॅडमचंही.